पाणी सांगायचं काम

मेट्रनबाईंचं बोलावणं आलं तेव्हा मी डोळ्यांच्या वॉर्डात पट्ट्या बदलत होते. महायुद्ध संपून काही महिने झाले होते. हात धुऊन गेले. त्या म्हणाल्या, कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मडमेला सोबतीला नर्स हवी आहे, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. राहायचं बंगल्यावरच. काचबिंदूनं तिचा उजवा डोळा पूर्ण गेला आहे आणि डावाही चालला आहे. वेळेवर थेंब घालायचे, हाताला धरून हिंडवायचं, एवढंच काम. मी निघाले तेव्हा त्यांनी मागून आणखी एक सांगितलं. बाईंना मासे धरायचा नाद आहे, निदान या हंगामात तरी तो त्यांना सोडायचा नाही, तेव्हा क्लबाच्या तळ्यावर सोबत जावं लागेल.

मी जैन आहे हे मेट्रनबाईंना ठाऊक होतं. मी दिवस मावळायच्या आत जेवते, पाणी फडक्यातून गाळून पिते, हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं आणि कधी अडवलं नव्हतं. पण त्यांच्या लेखी तो खाण्यापिण्याचा भाग होता. माशांच्या तळ्यावर जाण्याशी त्याचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनात आलं नसावं. मीही काही बोलले नाही. जायचं नाही म्हणाले असते तर त्यांनी दुसरीला पाठवलं असतं. पण वॉर्डात तेव्हा रोज आंधळी होत जाणारी माणसं पाहून मी कंटाळले होते. एकाच माणसाचं बघायचं आहे, तेही मोकळ्या हवेत, हे मला बरं वाटलं.

माझं घर निपाणीजवळच्या एका गावात. तंबाखूची शेती, थोडा व्यापार. लहानपणी लग्न झालं, आणि नवऱ्याचा चेहरा नीट आठवणीत राहावा एवढाही संसार झाला नाही. विषमज्वरानं ते गेले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला परत आणलं आणि गावातल्या सगळ्यांचं ऐकून घेऊन बेळगावच्या मिशनच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला घातलं. आव्वाला, माझ्या आईला, ते कधीच पटलं नाही. रक्तामांसाचं काम, परक्या धर्माच्या लोकांत राहणं. आप्पा होते तोवर ती गप्प होती. आप्पा गेल्यावर घर धाकट्या भावाकडे आलं. तो मला आक्का म्हणायचा, मान द्यायचा, आणि मी सणाला घरी गेले की कधी परत जाणार हे हळूच विचारून घ्यायचा.

बाईसाहेबांच्या बंगल्यावर टांगा थांबला तेव्हा त्या व्हरांड्यातच बसल्या होत्या. उंच, हाडकुळ्या, पांढरे केस कापलेले. मी पायऱ्या चढत होते तशी त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या थोडं बाजूला. डाव्या डोळ्यानं त्यांना नळीतून पाहावं तसं दिसायचं, मधलं तेवढं. मी कुठे आहे ते शोधायला त्यांना वेळ लागला.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आमचं बोलणं इंग्रजीतून व्हायचं, माझं इस्पितळातलं मोडकं इंग्रजी. म्हटलं, मी जैन आहे. मासा धरणार नाही, गळाला हात लावणार नाही, आणि मासा कुठे आहे हेही दाखवणार नाही. चालत नसेल तर टांगा अजून फाटकातच आहे.

त्यांनी माझ्या आवाजाकडे मान वळवली. मग विचारलं, "मग सांगशील काय?"

"बाकी सगळं सांगेन. पाणी कसं आहे, वारा कुठून आहे, झाडं कुठवर आली आहेत."

"मासा सोडून सगळं," त्या म्हणाल्या. "बरं. सामान उतरवून घे."

त्या घरात मासेमारीचंच सामान जास्त होतं. भिंतीवर वेताच्या बारीक लवचिक काठ्या टांगलेल्या, सिगारेटच्या पत्र्याच्या डब्यांत कोंबड्याची, मोराची, बदकाची पिसं. त्या पिसांची माशी बनवायची, बोटाच्या पेराएवढी, पोटात गळ लपवलेला. ती हलक्या हातानं पाण्यावर टाकायची, म्हणजे माशाला वाटतं खरीच माशी बसली आणि तो वर येऊन तोंड मारतो. त्यांना या माश्या बोटांनी चाचपून ओळखता यायच्या. एक एक हातात घेऊन त्या तिचं नाव सांगत. मला ती नावं लक्षात ठेवायची नव्हती, पण राहिली.

तळं कॅम्पापासून पश्चिमेला, गाडीरस्त्यानं तासाभराच्या आत होतं. एका बाजूला दगडी बांध, वरच्या अंगाला बाभळी, कडेनं पाणकणसं. क्लबानं ते फार वर्षांपूर्वी करारानं घेतलं होतं. तिथे एक राखणदार होता, जवळच्याच गावचा, साठीचा माणूस. त्याचा मुलगा पलटणीतून ब्रह्मदेशात गेला होता तो परत आला नव्हता, आणि मेल्याचंही कुणी कळवलं नव्हतं. राखणदार फारसा बोलत नसे. होडी धुऊन पुसून ठेवायचा, माशी दोरीला बांधून द्यायचा, वल्हवायचा. पूर्वी हिवाळ्यात इथे रविवारी बारा-पंधरा साहेब यायचे म्हणे. त्या वर्षी दोघं-तिघं यायचे. डिसेंबर संपता संपता तेही बंद झाले. साहेब लोक जहाजाचं तिकीट मिळेल तसे विलायतेला चालले होते.

बाईसाहेब तिथल्या माशांना ट्राउट म्हणायच्या. खरं तर तो ट्राउट नव्हेच, हे त्यांनीच मला सांगितलं. आपल्या ओढ्यानाल्यांत सापडतो तसला बारीक, चांदीच्या रंगाचा, बाजूला निळसर पट्टे असलेला मासा. खरा ट्राउट त्यांच्या यजमानांनी आणला होता. निलगिरीच्या थंड पाण्यातली पिल्लं पत्र्याच्या पिंपांतून, बर्फ घालत, वाटेतल्या स्टेशनांवर हातपंपानं पाण्यात हवा मारत, आगगाडीनं इथवर आणली. थंडीभर ती जगली. चैत्र लागला आणि पाणी तापलं तशी सगळी वर येऊन तोंड उघडून तरंगायला लागली. यजमानांनी गावातून बर्फाच्या लाद्या मागवून तळ्यात टाकल्या. इतक्या मोठ्या तळ्यात बर्फाचं काय होणार? ते बांधावर बसून राहिले, कावळे हाकलत. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा आणली, पुन्हा तसंच झालं. त्यानंतर क्लबानं नाद सोडला, पण नाव तेवढं इथल्या माशांना चिकटलं.

"त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं," बाईसाहेब म्हणाल्या. "मीच सांगायला हवं होतं. पण तो खुशीत होता."

यजमान लढाईच्या सुरुवातीला वारले. कॅम्पातल्याच दफनभूमीत त्यांना पुरलं होतं.

पहिल्या महिन्यात बाईसाहेबांना थोडंफार दिसत होतं. कधी एखादा मासा लागायचा. मी तोंड फिरवून बाभळींकडे बघत राहायचे. त्या बोटं ओली करून गळ अलगद काढायच्या आणि मासा पाण्यात सोडायच्या. फारच जखमी झालेला असला तर राखणदार घरी न्यायचा. नंतर नंतर मासा क्वचितच लागू लागला. नजरेची नळी अरुंद होत चालली होती. एवढ्या रुंद पाण्यात मासा कुठे वर आला हे त्यांना सापडायचंच नाही. सापडेपर्यंत पाणी मिटून गेलेलं असायचं.

तेव्हा माझं काम खरं सुरू झालं. होडीत त्यांच्या शेजारी बसून मी पाणी सांगायचे. सुरुवातीला मला पाण्यात सांगण्यासारखं काय असतं तेच कळायचं नाही. पाणी आहे, एवढंच. त्या विचारायच्या, काळं आहे की हिरवं? बाभळीची सावली कुठवर आली? वाऱ्यानं सुरकुत्या कोणत्या बाजूला पडल्यात? पाणकावळे बसलेत की उडालेत? हळूहळू मी न विचारता सांगू लागले. बांधाजवळ पाणी तेलकट दिसतं, मधे वाऱ्याचा पट्टा आहे, पाणकणसाच्या कडेला खंड्या बसलाय. त्या ऐकत आणि काठी मागे नेत. दोरी डोक्यामागे सरळ होईपर्यंत थांबत, मग पुढे आणत, आणि माशी पाण्यावर पडताना आवाजही होत नसे. ते बघायला मला आवडायचं. पोटात गळ आहे हे मनात आलं की आवडेनासं व्हायचं.

पाणी बघता बघता मला मासेही दिसायला लागले. आधी गोल वलय, मग वलय उमटायच्या आधीचा पाण्याचा फुगवटा, मग पाण्याखालची पाठसुद्धा. ते मी सांगायचे नाही. दिसतं आणि सांगायचं नाही, हे वाटलं होतं तेवढं सोपं गेलं नाही. एके सकाळी मी त्यांच्या कोपराला धरून बसले होते. अगदी जवळच एक मासा वर आला. मी गप्पच होते. पण त्यांनी लगेच त्या दिशेला माशी टाकली.

"तुझा हात सांगतो," त्या म्हणाल्या. "मासा आला की तू घट्ट धरतेस. बरेच दिवस झाले. तुला सांगितल्याशिवाय याचा फायदा घेणं मला बरं वाटेना."

त्या दिवसापासून होडीत मी त्यांचा हात धरणं सोडलं. होडीच्या दुसऱ्या टोकाला बसून पाणी सांगू लागले. त्यानंतर तळ्यावर त्यांना मासा मिळाला नाही. तरी त्या जात राहिल्या.

पौषात भाऊ आला. तंबाखूच्या कामानं तो बेळगावच्या खडेबाजारात येत असे. तिथे कुणीतरी त्याला माझ्या कामाबद्दल सांगितलं होतं. बंगल्याच्या आत यायला तो तयार नव्हता. फाटकाशी सावलीत उभे राहूनच बोललो. तो बराच वेळ घरच्या गोष्टी बोलला. वखारीचं छप्पर, गाय व्यालेली, बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली, पूजा. मग म्हणाला, "आक्का, तू मडमेसंगं मासं माराय जातीस म्हणं."

"मी मारत न्हाय. तिच्या डोळ्याचं बघते. पाणी कसं हाय ते सांगते."

"ती मारती न्हवं?"

"व्हय. पण आता लई दिवस काय घावलं न्हाय तिला."

तो खाली बघत होता. रागावला नव्हता. रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणाला, "आव्वानं भात सोडलाय. तुझ्यापायी. भाकरीच्या तुकड्यावर असती. लई सांगून बघितलं, ऐकत न्हाय. तू घरला ये. हितनं सुटका करून घे, मग ती जेवंल."

मी त्याला सांगितलं की हंगाम संपेपर्यंत राहीन असा शब्द दिला आहे, आणि बाईसाहेबांचा डोळा उन्हाळ्याच्या आत मिटणार आहे. तो म्हणाला, डोळा मिटणार तो मिटणारच, तू थांबून काय उघडा राहतोय? ते खरं होतं. तरी मी गेले नाही. का गेले नाही, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. आव्वा भातावाचून बसली आहे हे रोज जेवताना आठवायचं आणि मी जेवून उठायचे.

माघ सरत आला तेव्हा बाईसाहेबांनी कणकुंबीला जायचं ठरवलं. क्लबाच्या मालकीची मासेमारीची एक जागा तिकडे नदीवरही होती. मलप्रभा तिथे उगम पावते. काही मैल खाली आली तरी ती ओढ्याएवढीच असते, पण एका ठिकाणी खडकाखाली चांगला खोल डोह आहे. यजमान असताना दोघं दर हंगामाच्या शेवटी तिथे जायची. क्लबाच्या सेक्रेटरीनं मोटार दिली, पेट्रोल कुठूनतरी मिळवलं, राखणदाराला बरोबर दिलं. जांबोटीच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंनी रान दाटत गेलं. बाईसाहेब काच खाली करून बसल्या होत्या. झाडांचा वास येतो, तो मला सांगायला नको, म्हणाल्या.

जंगलखात्याच्या विसाव्याच्या बंगलीत उतरलो. दुसऱ्या दिवशी उन्हं झाडांच्या शेंड्यांवर आल्यावर नदीवर गेलो. डोहाच्या कडेला एक सपाट खडक होता. राखणदारानं माशी बांधून दिली आणि तो मागे झाडाखाली बसला. मी बाईसाहेबांना खडकावर उभं केलं आणि बाजूला झाले. त्या दिवशी त्यांना किती दिसत होतं, ते त्या सांगत नव्हत्या. पण मी पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी चाचपून घेतला होता.

मी पाणी सांगत होते. वरून धार येते तिथे फेस आहे. मधे काळं, शांत. पलीकडे जांभळीची फांदी पाण्यावर ओणवी झाली आहे, तिच्याखाली सावली. त्या फेकत होत्या. काहीच नाही. ऊन खाली उतरलं, पाण्यात शिरलं, तळाचे दगड दिसायला लागले. त्या दमल्या होत्या; खांदा दुखायला लागला की त्या ओठ आवळायच्या, तसे आवळले होते. मी म्हटलं, जरा बसा. त्या म्हणाल्या, अजून थोडं.

आणि जांभळीच्या सावलीतून तो बाहेर आला. मोठा, सोनेरी मासा, खडस म्हणतात तो. अंगावर ऊन पडलं तसा सबंध उजळला. सावकाश, कुणाची भीती नसल्यासारखा, वर वर येत गेला. मी आयुष्यात इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तो बघा, फांदीखाली, उजवीकडे!"

सांगायचं ठरवलं नव्हतं. कुणालाही बोलावून दाखवावं तसं दाखवलं. ज्यांना दाखवलं त्यांना दिसत नव्हतं आणि त्यांच्या हातात काठी होती, हे शब्द बाहेर पडल्यावर ध्यानात आलं. तोवर दोरी मागे जाऊन पुढे आली होती. माशी फांदीच्या कडेला पडली. मासा वळला, आणि पाणी फुटलं.

पुढचं बराच वेळ चाललं. काठीवरची दोरीची चक्री करकरत होती, दोरी डोहभर फिरत होती. राखणदार धावत येऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरला. बाईसाहेबांना काहीच दिसत नव्हतं. काठीतून जे कळेल त्यावर त्या दोरी सैल सोडत होत्या, ओढत होत्या. मी एक शब्दही बोलले नाही. शेवटी मासा दमून कुशीवर झाला आणि राखणदारानं त्याला दोन्ही हातांनी काठाशी आणलं. कोपरापासून बोटांपर्यंत होईल एवढा होता. गळ घशात खोल गेला होता. कल्ल्यांतून रक्त येत होतं.

"बाईसाहेब, ह्यो जगायचा न्हाय," राखणदार म्हणाला. मी ते इंग्रजीत सांगितलं.

त्यांनी काठी टाकली, खडकावरून खाली सरकल्या आणि कपड्यांसकट पाण्यात गुडघे टेकून बसल्या. दोरी दातानं तोडली. मासा हातात घेऊन त्याचं तोंड धारेच्या दिशेनं धरलं, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जावं. कधी पुढे नेत, कधी मागे. असं त्या कितीतरी वेळ करत राहिल्या. मी त्यांचे खांदे धरून उभी होते. माशाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. मग उघडायचं थांबलं. त्यांनी हात सैल केले तसा तो उलटा झाला, पांढरं पोट वर आलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. हातांना कळलं होतंच.

"मेला."

"तू मला सांगितलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी त्यात दोष दिला नाही आणि आभारही मानले नाहीत. नुसतं झालं ते म्हणाल्या. मग पाण्यातच बसून त्यांनी विचारलं, "कसा आहे तो? मला दिसला नाही."

तेही मला सांगावं लागलं. मी खाली बसले. म्हटलं, पाठ काळपट हिरवी आहे. बाजूला सोनं आहे, जुन्या मूर्तीवर असतं तसं, कडेला तांबूस होत गेलेलं. खवले मोठे आहेत, वेगवेगळे मोजता येतील असे. पंख तांबडे. ओठ जाड. त्यांनी विचारलं, डोळा? म्हटलं, उघडा आहे. पाण्यातून बाहेर आल्यावर सोनं उतरायला लागलं होतं, ते मी सांगितलं नाही.

मासा राखणदारानं पानांत गुंडाळून नेला. दुपारी बंगलीच्या मागून तळल्याचा वास आला तेव्हा मी नदीकडे जाऊन बसले. कानांत माझाच आवाज घुमत होता. आव्वा समोर असती तर तिला काय सांगितलं असतं याचा विचार करत होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी उपास केला. बाईसाहेबांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "उपास कर. पण मला पायऱ्यांवरून उतरवताना चक्कर येऊन पडू नकोस. दोघी पडू." त्या स्वतः जेवल्या. मला त्याचा राग आला नाही. सत्तरीच्या बाईनं गार पाण्यात बसून आल्यावर जेवायलाच हवं होतं.

परत आल्यावर त्यांनी काठी हातात घेतली नाही. मी विचारलंही नाही. फाल्गुनात एका सकाळी व्हरांड्यात चहा घेताना त्या म्हणाल्या, आज आभाळ फारच दाटलंय का? आभाळात ढग नव्हता. ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. मी कप त्यांच्या हातून घेतला आणि तसं सांगितलं. त्या "असं" म्हणाल्या आणि बराच वेळ हात उन्हात फिरवत बसल्या. त्यानंतर थेंब घालून उपयोग नव्हता, पण दुखू नये म्हणून घालत राहिले.

उन्हाळ्यात तळं खाली गेलं. बांधाखालचा चिखल उघडा पडला. क्लबाच्या कमिटीनं तळ्याचा करार पुढे चालवायचा नाही असं ठरवलं. एका ठेकेदाराला मासे दिले आणि त्याच्या माणसांनी जाळी टाकून दोन दिवसांत तळं रिकामं केलं. राखणदाराचं काम सुटलं. तो बंगल्यावर सांगायला आला, उंबऱ्याशी बसला, चहा प्याला आणि गेला. काठ्या, चक्र्या, पिसांचे डबे बाकीच्या सामानाबरोबर लिलावात गेले. कुणी घेतले मला माहीत नाही. पिसांचं काय करायचं हे घेणाऱ्यालाही कळलं नसेल.

बाईसाहेब विलायतेला भाच्याकडे जाणार होत्या. त्याला त्यांनी पाळण्यातला पाहिला होता. इथेच राहावं, असं त्यांनी एकदा म्हणून बघितलं. कुणी ते मनावर घेतलं नाही. कोण बघणार होतं त्यांच्याकडे? बंगलाही सरकारी होता.

जाण्याआधी दफनभूमीत घेऊन चल म्हणाल्या. उन्हं कलल्यावर गेलो. त्यांनी दगडावर हात फिरवला, अक्षरं बोटांनी वाचली. मग म्हणाल्या, सांग. मी सांगितलं. गवत वाळलंय. दगडाच्या एका कोपऱ्यावर शेवाळ येऊन गेलंय, त्याचा काळा डाग आहे. शेजारच्या कबरीचा क्रूस तिरका झालाय. चाफ्याला पान नाही, फुलं आहेत. भिंतीपलीकडून अनगोळच्या बाजूची गुरं परत चालली आहेत, धूळ दिसते. त्या म्हणाल्या, भिंत पडकी आहे का? मी म्हटलं, नाही, शाबूत आहे. ते खोटं होतं. एका ठिकाणी ती पडली होती आणि तिथून शेळ्या आत यायच्या. तेवढं एकच मी त्यांना चुकीचं सांगितलं.

मिरजेकडच्या गाडीत त्यांना बसवून दिलं. मुंबईपर्यंत सोबतीला एका साहेबाचं कुटुंब होतं. त्या खिडकीशी ताठ बसल्या होत्या. थेंब कुठे ठेवले विचारलं. म्हटलं, तपकिरी पिशवीत, वरच्याच कप्प्यात. रुमाल? तोही तिथेच. गाडी हलली तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या असं वाटलं, पण त्यांचा चेहरा माझ्या थोडा बाजूला, हमालांच्या दिशेनं होता. मी हात हलवला आणि मग हलवायचं थांबवलं.

घरी गेले ती आषाढात, आव्वा फार थकली असा निरोप आला तेव्हा. ती अंथरुणावर होती, हाडांची मोळी झालेली. मी बाईसाहेबांचं काम सोडलं असं भावानं तिला केव्हाच सांगितलं होतं, तरी भात तिनं पुन्हा घेतला नव्हता. भाऊ म्हणाला, आता नकोच वाटतोय तिला, सवय गेली. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. पाणी सांगायचे ते, हात घट्ट व्हायचा ते, कणकुंबीचा मासा, माझ्या तोंडून गेलेलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोप लागली. मग तिनं विचारलं, "तिचं डोळं गेलं का गं पुरतं?"

"व्हय, आव्वा."

"मग आता तिला कोण सांगतंय?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं. माशाबद्दल तिनं एक शब्दही काढला नाही. पावसाची झड लागली होती त्या आठवड्यातच ती गेली. पर्युषणाला, एकमेकांची क्षमा मागायच्या दिवसांना, अजून अवकाश होता.

मी इस्पितळात परत रुजू झाले. पुढच्या वर्षी कॅम्पातले बंगले भराभर रिकामे झाले, नवी माणसं आली. बाईसाहेबांचं काही कळलं का, असं मी मेट्रनबाईंना अधूनमधून विचारायचे. त्यांना कुठून कळणार? भाच्याचा पत्ता कुणाकडेच नव्हता. एकदा त्या म्हणाल्या, एव्हाना गेल्याही असतील, वय झालं होतं. मी हो म्हटलं आणि वॉर्डात गेले. त्या दिवशी खानापूरकडच्या एका बाईची पट्टी सोडायची होती. तिचा डोळा वाचला नव्हता, आणि ते तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.